उइजोंगबूच्या गल्लीतलं बुदे जिगे आणि एकाच घरातल्या तीन पिढ्या

दक्षिण कोरियातल्या उइजोंगबूला राहायला येऊन मला आता दोन वर्षं होतील, आणि इथल्या बुदे जिगेच्या गल्लीत मी निदान दहा वेळा तरी जेवलेय, पण रिव्ह्यू लिहावासा वाटला तो मागच्या शनिवारच्या जेवणानंतर. त्या दिवशी माझ्या घरमालकांच्या घरातली तीन माणसं बरोबर होती, ८४ वर्षांचे आजोबा, त्यांचा मुलगा म्हणजे काका वय ५९, आणि नातू २५ वर्षांचा, आणि दीड तासाच्या जेवणात मला अमेरिकन सैन्याबद्दल कोरियन माणसं एकमेकांशी इतक्या तीव्रतेने का भांडतात ते पहिल्यांदा नीट कळलं. हॉटेलचं नाव मी देत नाहीये, कारण मालकीणबाईंनी त्यांच्या घरच्या, शेजारच्या गोष्टी सांगितल्या आणि त्या कुणाच्या म्हणून ओळखल्या जाव्यात असं मला वाटत नाही. गल्ली छोटी आहे, बहुतेक हॉटेलांची चव एकमेकांच्या जवळ जाणारी आहे, तुम्ही कुठल्याही जुन्या हॉटेलात गेलात तरी चालेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बुदे म्हणजे सैन्याची तुकडी आणि जिगे म्हणजे दाटसर रस्सा. किमची, गोचुजांगची लाल मिरचीपेस्ट, टोफू, कांद्याची पात, आणि त्यात हॅम, सॉसेज, खिमा, काही ठिकाणी डब्यातले बेक्ड बीन्ससुद्धा. वाचायला विचित्र वाटतं पण त्यामागे सरळ भूक आहे. १९५३ मध्ये उत्तर आणि दक्षिण कोरियातलं युद्ध थांबलं तेव्हा देशात मांस मिळतच नव्हतं आणि जे मिळायचं ते अमेरिकन तळाच्या भिंतीपलीकडून यायचं. उइजोंगबू सोलच्या उत्तरेला, सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, त्यामुळे इथे शहराच्या पोटातच तळ होते, कॅम्प रेड क्लाउड, कॅम्प स्टॅन्ली, कॅम्प जॅक्सन अशी बरीच नावं. गल्लीतल्या सगळ्यात जुन्या हॉटेलची गोष्ट इथे पोराटोरांना पाठ आहे, १९६० च्या सुमाराला एक बाई ओदेंग म्हणजे फिशकेक विकायच्या, तळावर कामाला असणारे लोक त्यांच्याकडे हॅम-सॉसेज आणून द्यायचे आणि म्हणायचे याचं काहीतरी करून दे, आधी नुसतं परतून द्यायच्या, मग भाताबरोबर काहीतरी पातळ हवं म्हणून किमची घालून रस्सा झाला. तळावरचा माल असा बाहेर काढणं बेकायदा होतं, पकडलं तर माल जप्त व्हायचा. म्हणजे ज्याला आज शहराची शान म्हणतात तो पदार्थ लपूनछपून सुरू झाला.

जायचं कसं ते आधीच सांगते. १ नंबरच्या मेट्रोने उइजोंगबू स्टेशनला उतरून चालत जाता येतं, नाहीतर ह्वेर्योंगला बदलून छोट्या लाइट रेलने उइजोंगबू जुंगआंग स्टेशन, तिथून गल्ली अगदी जवळ. शनिवारी दुपारी साडेबाराला आम्हाला पंचवीस मिनिटं उभं राहावं लागलं. आजोबांसाठी खुर्ची मागितली तर लगेच आणून दिली, पाण्याचा ग्लासही दिला, हे मला फार आवडलं.

आत टेबलं आठ-दहाच, जुनी, मधोमध गॅस. मेन्यू एकच असल्यासारखा आहे, माणशी ११,००० वॉन, निदान दोघांची ऑर्डर लागते, रामेन आणि जास्तीचं सॉसेज वेगळं. बाई येतात, उथळ पातेलं ठेवतात, झाकण घालतात, आणि बजावून जातात की मी सांगेपर्यंत झाकण उघडायचं नाही. मी पहिल्या वेळी उघडलं होतं आणि बोलणी खाल्ली होती, ते बरोबरच होतं, कारण वाफेतच ती मिरचीपेस्ट आणि खिमा रश्शात उतरतो. बरोबर मुळ्याची पाणीदार किमची आणि परतलेला फिशकेक, दोन्ही परत मागितलं तर देतात.

झाकण पडल्यावर साधारण दहा मिनिटं काहीच करायचं नसतं, आणि त्या दहा मिनिटांत आजोबा बोलायला लागले.

आजोबा मूळचे ह्वांगहे प्रांतातले, म्हणजे आता ते उत्तर कोरियात. १९५१ च्या जानेवारीत चिनी फौजा सोलपर्यंत आल्या तेव्हा जी माणसं दक्षिणेकडे पळाली त्यांच्यात हे, वय नऊ-दहा, आईचा हात धरून. त्यांची आजी मागे राहिली आणि परत कधीच दिसली नाही. ते म्हणाले, हा पदार्थ माझ्या लहानपणी नव्हता, माझ्या लहानपणी कुलकुली-जुक होतं. कुलकुली म्हणजे डुकराचा आवाज, जुक म्हणजे पेज, अमेरिकन मेसमधलं ताटात उरलेलं सगळं एकत्र करून परत उकळायचं आणि वाडगाभर विकायचं, त्यात कधी दात कोरायची काडी निघायची तर कधी सिगारेटचं थोटूक. "ते बाजूला काढायचं आणि खायचं, आणि सॉसेजचा तुकडा लागला की तो दिवस चांगला." हे ते अगदी शांतपणे सांगत होते, कसलीही लाज नाही आणि कसली तक्रार नाही.

मी विचारलं, आजोबा, दुसऱ्याचं उष्टं खावं लागलं याचा राग नाही येत? तर त्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांच्या डोक्यात हिशोब वेगळा आहे. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकन आले, १९४९ च्या जूनमध्ये बहुतेक सगळे निघून गेले, आणि बरोबर वर्षाने, १९५० च्या २५ जूनला, उत्तरेचे रणगाडे दक्षिणेत घुसले. एवढीच गोष्ट त्यांना माहीत आहे आणि ती त्यांच्या अंगावरून गेली आहे. गेले तर काय होतं हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. १९७१ मध्ये निक्सनने एक अख्खी डिव्हिजन, साधारण २०,००० माणसं, परत नेली, नंतर कार्टर उरलेलं पायदळही न्यायचं म्हणत होते, तेव्हा आजोबांनी महिनाभर घरात तांदूळ साठवून ठेवला होता म्हणे, काकांनाही ते आठवतंय. आजोबा अजून सोलमधल्या ग्वांगह्वामुनच्या चौकात सभांना जातात, हातात एका बाजूला कोरियाचा झेंडा आणि दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा. मी पहिल्यांदा ते दृश्य बघितलं तेव्हा मला खरंच कळलं नव्हतं की स्वतःच्या देशातल्या राजकीय सभेत दुसऱ्या देशाचा झेंडा कोण नेतं, आता कळतं, त्यांच्यासाठी तो झेंडा दुसऱ्या देशाचा नाहीच, जिवंत राहिलो त्याची ती पावती आहे.

मी भारतीय म्हणून त्यांनी अजून एक सांगितलं आणि ते मला इथे लिहायचंच आहे. १९५३ मध्ये ते इंचॉनजवळ निर्वासितांच्या वस्तीत होते आणि मोठ्यांच्या बोलण्यात यायचं की भारताचे सैनिक आलेत आणि त्यांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू देणार नाहीत. हे खरंच घडलेलं आहे. युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवायला भारताची कस्टोडियन फोर्स गेली होती, सुमारे ६,००० माणसं, आणि तिचे प्रमुख होते आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. अध्यक्ष सिंगमन री यांना भारताची तटस्थता मान्य नव्हती, त्यांनी भारतीय सैन्याला दक्षिण कोरियाच्या भूमीवर उतरू द्यायला नकार दिला, म्हणून इंचॉनच्या बंदरातून अमेरिकन हेलिकॉप्टरांनी आपल्या माणसांना उचलून थेट मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेलं. तिथे त्यांनी छावणी उभी केली, नाव ठेवलं हिंद नगर. म्हणजे ज्या देशात एक परकं सैन्य हवंहवंसं होतं तिथेच दुसरं परकं सैन्य अजिबात नको होतं. आजोबा म्हणाले, तेव्हा आम्हाला वाटायचं इंदोचे, म्हणजे भारताचे, लोक कम्युनिस्टांच्या बाजूचे, आणि आता माझ्याच घरात वर इंदोची मुलगी राहते. असं म्हणून त्यांनी माझ्या वाटीत आणखी मुळा वाढला.

बाई आल्या, झाकण काढलं, आणि आता थोडं खाण्याबद्दल. रस्सा सुरुवातीला बराच पातळ दिसतो, पहिल्यांदा येणारा माणूस फसतो की हे बेचव असणार, पण जसजसा उकळतो तसतसा दाट होत जातो, पंधराव्या मिनिटाला त्याच्यावर लाल तवंग येतो, आपल्या मिसळीच्या कटासारखा. किमची जुनी, चांगली आंबलेली आहे, आणि तीच सगळं सांभाळते, ती नसती तर हॅमचा खारटपणा सहन झाला नसता. खिम्याला मिरे-लसणाचा वास छान होता. सॉसेज दोन प्रकारचं, एक मऊ आणि एक कडक, कडक जास्त चांगलं. टोफू जरा कमी पडला चार जणांत. मीठ मला जास्त वाटलं, बाईंना सांगितलं तर त्यांनी न कुरकुरता रश्शाचं साधं पाणी ओतून दिलं. शाकाहारी असाल तर इथे तुमच्यासाठी खरोखर काही नाही, डुक्कर आणि गाय दोन्ही असतं, मागवायच्या आधी विचारून घ्या, नंतर वाईट वाटायला नको.

रामेन केव्हा टाकायचं यावर काका आणि नातवाची जुंपली. काकांचं मत, आधी रस्सा भाताबरोबर चाखायचा, रामेन नंतर, नाहीतर तो सगळा रस्सा पिऊन टाकतो. नातवाला लगेच हवा होता आणि वर चीजची स्लाइसही हवी होती. काका म्हणाले चीज ही सोंगतानची सवय, उइजोंगबूची नाही. ते खरं आहे, सोंगतान म्हणजे दक्षिणेला प्योंगतेकमध्ये ओसानच्या अमेरिकन हवाई तळाजवळचा भाग, तिथलं बुदे जिगे दाट, चीज घातलेलं, हॅम भरपूर. नातू म्हणाला मी प्योंगतेकलाच तर होतो आप्पा. आणि तिथून विषय परत सैन्यावर गेला.

काकांबद्दल आधी. जन्म १९६६, कॉलेजात गेले १९८५ मध्ये, म्हणजे ज्यांना कोरियात ३८६ पिढी म्हणतात त्यांच्यातले, साठच्या दशकात जन्म, ऐंशीच्या दशकात कॉलेज, आणि नाव पडलं तेव्हा वय तिशीत. ते उइजोंगबूतच वाढले, तळाच्या भिंतीला लागून शाळा होती, लहानपणी अमेरिकन सैनिकांकडे चॉकलेट मागितलेलं त्यांनाही आठवतं. मग कॉलेजात कुणीतरी एका अंधाऱ्या खोलीत पडदे लावून ग्वांगजूचे व्हिडिओ दाखवले. १९८० च्या मे महिन्यात ग्वांगजू शहरात आपल्याच सैन्याने आपल्याच लोकांना मारलं, देशभर बातमी दाबलेली, आणि परदेशी पत्रकाराने काढलेली चित्रफीत अशी गुपचूप फिरत होती. काकांच्या पिढीचा प्रश्न तेव्हापासून एकच, कोरियन सैन्याचा मोठा भाग तर अमेरिका-कोरियाच्या संयुक्त कमांडखाली आणि त्या कमांडचा प्रमुख अमेरिकन जनरल, मग सैन्य हललं कसं? २०व्या डिव्हिजनला ग्वांगजूसाठी मोकळं करायला अमेरिकन कमांडरने संमती दिली होती. त्यानंतर १९८१ च्या फेब्रुवारीत तेव्हाचा लष्करी हुकूमशहा चुन दू-ह्वानला रेगननी व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. जे वडिलांसाठी तारणहार होते ते मुलासाठी हुकूमशहाचे पाठीराखे झाले. १९८२ मध्ये बुसानचं अमेरिकन सांस्कृतिक केंद्र विद्यार्थ्यांनी जाळलं, त्यात एका विद्यार्थ्याचा जीवही गेला, आणि १९८५ च्या मे मध्ये सोलच्या केंद्रात विद्यार्थी घुसून तीन दिवस बसले, तेव्हा काका पहिल्या वर्षाला, बाहेरच्या गर्दीत उभे होते. त्या रात्री घरी आल्यावर आजोबांनी त्यांना थोबाडीत मारली होती, आणि नंतर दोन वर्षं बापलेक नीट बोलले नाहीत. हे सगळं आजोबांसमोर सांगणं चाललं होतं, आजोबा पातेल्यात बघत होते.

पण काकांचा आवाज खरा बदलला तो २००२ वर आल्यावर. १३ जून २००२, देशभर फुटबॉल वर्ल्ड कपचा उत्सव, आणि इथून जवळच यांगजूमध्ये गावातल्या अरुंद रस्त्यावर दोन शाळकरी मुली अमेरिकन चिलखती गाडीखाली आल्या. दोघी मैत्रिणीच्या वाढदिवसाला निघाल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये दोंगदुचनच्या कॅम्प केसीत अमेरिकन लष्करी कोर्ट बसलं आणि दोन्ही सैनिक निर्दोष सुटले. कोरियन कोर्टाला तो खटला चालवताच आला नाही, कारण १९६६ च्या करारानुसार ड्यूटीवर असताना घडलेल्या गोष्टीवर पहिला अधिकार अमेरिकेचा. काका मला म्हणाले, त्या मुली जगल्या असत्या तर आज तुझ्या वयाच्या, थोड्या मोठ्या. त्या हिवाळ्यात हजारो लोक मेणबत्त्या घेऊन ग्वांगह्वामुनला जमले, आणि काका खांद्यावर दोन वर्षांच्या मुलाला घेऊन गेले होते, हाच तो नातू, आता शेजारी बसून चीज विरघळवत होता. एकाच चौकात आजोबा अमेरिकेचा झेंडा घेऊन जातात आणि तिथेच मुलगा मेणबत्ती घेऊन गेला होता.

आणि हे काही जुनं म्हणून विसरलेलंही नाही. २०१७ च्या जूनमध्ये इथेच उइजोंगबूत अमेरिकन दुसऱ्या डिव्हिजनच्या शंभरीनिमित्त शहराने मोठा संगीताचा कार्यक्रम ठेवला, तारीख त्या मुलींच्या स्मृतिदिनाच्या अगदी तोंडावर, लोकांनी एवढा विरोध केला की काही कलाकार आलेच नाहीत आणि काहींनी स्टेजवर येऊन माफी मागितली आणि न गाताच गेले. आजोबा त्या कार्यक्रमाला तिकीट घेऊन गेले होते. काका बाहेर निदर्शनात होते. हे ऐकल्यावर मला पुढचा घास घेता येईना.

मग मी नातवाला विचारलं की तुझं काय. तो माझ्याशी मोकळा आहे, मला नुना म्हणतो, मोठी बहीण. तो काटूसा होता, म्हणजे अमेरिकन सैन्यात नेमणूक होणारा कोरियन सैनिक, ही पद्धत १९५० पासून आहे. टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ७८० मार्क लागतात आणि मग सोडत निघते, अर्ज आयुष्यात एकदाच करता येतो, मुलं त्यासाठी देव पाण्यात घालून बसतात. याचं नाव निघालं आणि दीड वर्ष प्योंगतेकच्या कॅम्प हम्फ्रीजमध्ये काढलं. २०१८ मध्ये अमेरिकन मुख्यालय सोलच्या योंगसानहून तिथे गेलं, परदेशातला त्यांचा सगळ्यात मोठा तळ, बांधायला साधारण ११ अब्ज डॉलर लागले आणि त्यातले ९० टक्के कोरियाने भरले. तो तळ वाढवायला देचुरी नावाच्या गावातल्या शेतकऱ्यांना २००६ मध्ये पोलीस लावून उठवलं होतं. नातवाला हा आकडा माहीत होता, देचुरी माहीत नव्हतं. काकांनी फक्त एवढंच म्हटलं, "तुझं बराक ज्या जमिनीवर होतं तिथे भात पिकायचा." तो गप्प झाला, मग मोबाइलवर शोधून वाचायला लागला, आणि मला ते फार चांगलं वाटलं.

त्याचं म्हणणं मी जमेल तेवढं त्याच्या शब्दांत देते, हराबोजी म्हणजे आजोबा आणि आप्पा म्हणजे बाबा. "नुना, हराबोजींना ते देवासारखे वाटतात आणि आप्पांना ते मालकासारखे वाटतात. माझ्या शेजारच्या खोलीत एकोणीस वर्षांचा पोरगा होता, टेक्सासचा, त्याला आईची आठवण यायची आणि कॉलेजच्या फीसाठी तो भरती झाला होता. मला त्यात देवही दिसला नाही आणि मालकही दिसला नाही." तो दहा वर्षांचा होता तेव्हा, २०१० मध्ये, आधी चनान ही कोरियन युद्धनौका बुडाली, ४६ नौसैनिक गेले, आणि नोव्हेंबरमध्ये योनप्योंग बेटावर उत्तरेकडून तोफगोळे पडले, ते त्याने शाळेत टीव्हीवर बघितलं. त्यामुळे उत्तर म्हणजे आपलेच दुरावलेले भाऊबंद ही काकांच्या पिढीची भावना याच्या मनात रुजलीच नाही. शाळा संपताना थाडचं प्रकरण झालं, सॉन्गजूमध्ये अमेरिकन क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवली म्हणून चीनने कोरियन कंपन्यांची आणि पर्यटनाची कोंडी केली, तर याच्या वयाच्या मुलांचा राग अमेरिकेपेक्षा चीनवर निघाला. म्हणून सर्व्हेत विशीतली मुलं सैन्य राहावं म्हणतात तेव्हा ती आजोबांसारखी झाली असं समजणं चुकीचं आहे. आजोबांचं मत कृतज्ञतेतून येतं आणि याचं व्यवहारातून. करार आहे, फायदा आहे तोवर ठीक.

आणि व्यवहार म्हटल्यावर हिशोबही आलाच. २०१९ मध्ये ट्रम्पनी इथल्या अमेरिकन सैन्याच्या खर्चापोटी वर्षाला ५ अब्ज डॉलर मागितले तेव्हा नातू सगळ्यात जास्त चिडला होता, त्या वर्षीचा कोरियाचा वाटा होता साधारण १.०४ लाख कोटी वॉन. २०२६ साठी तो १.५२ लाख कोटी ठरलाय. मग २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत जॉर्जियातल्या ह्युंदाई-एलजीच्या बॅटरी कारखान्यावर धाड पडली आणि ३०० च्या वर कोरियन कामगारांना साखळ्या घालून नेलं, तो फोटो त्याने अजून ठेवलाय. तो म्हणतो आमची माणसं तिथे कारखाना बांधायला गेली होती. त्याच्या बऱ्याच मित्रांना वाटतं की कोरियाने स्वतःचं अण्वस्त्र करावं, आणि हे काही चार पोरांचं बोलणं नाही, २०२२ मध्ये शिकागो कौन्सिलच्या पाहणीत ७१ टक्के कोरियन लोक त्या बाजूचे निघाले होते. काकांना ही कल्पना भयंकर वाटते. काकांना आता "अमेरिकन जा" असं म्हणायचंच नाहीये, त्यांना युद्धकाळातला कोरियन सैन्याचा ताबा अमेरिकेकडून परत हवाय, शांतताकाळातला १९९४ मध्ये मिळाला, युद्धकाळातला आधी २०१२ ला म्हणाले, मग २०१५, मग तारीखच काढून टाकली. आजोबांचं उत्तर ठरलेलं, ताबा त्यांच्याकडे असेल तरच ते लढतील.

माझं मत असं झालंय की "कोरियन लोकांना अमेरिकन सैन्य हवंय का" हा प्रश्न असा विचारूच नये, समोरचा माणूस वीस वर्षांचा कधी झाला ते आधी विचारावं. आणि त्यातही बाई आहे की पुरुष ते, कारण टेबलावरचे तिघेही ज्याबद्दल बोलले नाहीत ते मालकीणबाई बोलल्या.

त्या साठीच्या आहेत, गल्लीत सगळे त्यांना इमो म्हणतात, मावशी. रामेन टाकायला आल्या आणि आमचं बोलणं ऐकून थांबल्या. त्या दोंगदुचनमध्ये वाढल्या, कॅम्प केसीच्या बाहेरच्या गिजीचोनमध्ये, म्हणजे तळाभोवती वसलेल्या वस्तीत. त्यांच्या शेजारी भाड्याने राहणाऱ्या ताया तळावरच्या सैनिकांसाठीच्या क्लबात कामाला होत्या, सरकारचे लोक येऊन त्यांना सांगायचे की तुम्ही देशासाठी डॉलर आणता, आणि आजाराचा संशय आला की उचलून सोयोसानच्या डोंगराखालच्या इमारतीत कोंडायचे, लोक तिला मंकी हाउस म्हणायचे. वस्तीत त्यांना लोक घाण नावाने हाक मारायचे आणि त्यांच्याच पैशांवर दुकानं चालायची. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की सरकारनेच हे चालवलं, प्रोत्साहन दिलं, आणि नुकसानभरपाई द्यायला लावली. इमो म्हणाल्या, माझ्या शेजारची ताई त्याच्या चार वर्षं आधीच गेली. "तुम्ही पुरुष म्हणता त्यांनी वाचवलं की लुटलं. वाचवण्याची किंमत कुणी दिली ते कधी बोलत नाही तुम्ही." आजोबांनी मान खाली घातली. काकाही काही बोलले नाहीत. मला वाटतं त्या दिवशी टेबलावर जे काही बोललं गेलं त्यात सगळ्यात खरं हे होतं, आणि ते बोलून इमो गॅस कमी करून दुसऱ्या टेबलाकडे गेल्या.

मी त्यांना नंतर काउंटरवर विचारलं की नावातलं बुदे तुम्हाला खटकत नाही का. नव्वदच्या दशकात शहराने गल्लीच्या नावातून तो शब्द काढून बघितला होता, सैन्याचा वास नको म्हणून, पण लोक बुदे जिगेच म्हणत राहिले आणि शेवटी पाटीवरही तेच परत आलं. त्या म्हणाल्या नाव पुसलं तर पोरं विचारणार कशी.

हॉटेलच्या कमी बाजू, आवाज खूप, टेबलं इतकी जवळ की शेजारचं सगळं ऐकू येतं, एकट्या माणसाला घेत नाहीत, पार्किंगसाठी गल्लीच्या बाहेर जावं लागतं, आणि कपड्यांना वास दिवसभर राहतो. फोटोंच्या मेन्यूत फक्त कोरियन, पण पदार्थ एकच असल्याने अडत नाही. चांगल्या बाजू, रस्सा, जुनी किमची, आणि म्हाताऱ्या माणसांशी वागण्याची पद्धत. मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा मार्क टोफूचा आणि मिठाचा. घरी नेण्यासाठी पॅकही मिळतो, रस्सा वेगळा आणि जिन्नस वेगळे, पण घरच्या गॅसवर तो तवंग तसा येत नाही, मी करून बघितलंय.

जेवण झाल्यावर आजोबांना गाडीतून गानुंगदोंगकडून जायचं होतं, कॅम्प रेड क्लाउडच्या भिंतीवरून. तळ २०१८ मध्ये बंद झाला, २०२२ मध्ये जमीन कोरियाला परत मिळाली, आता आत काय करायचं यावर शहराची चर्चा चालू आहे, आणि काका म्हणतात आधी परत मिळालेल्या तळांच्या मातीत झिरपलेलं तेल कोणाच्या पैशाने साफ होतंय ते बघा, कारण तो खर्च कोरियाच करत आलाय. आजोबांनी काच खाली केली. याच गेटमधून ते सतराव्या वर्षी स्वयंपाकघरात भांडी घासायला जायचे हे नातवाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, त्याने विचारलं, मग तुम्हीच सॉसेज बाहेर आणायचात का हराबोजी? आजोबा म्हणाले कोटाच्या अस्तरात, आठवड्याला दोन, एक आईला आणि एक विकायला. काकांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं, म्हणाले, आबोजी, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.